नाझी गणवेश नेमका बेतला कुणी?

एसएसचा, म्हणजे हिटलरच्या खास निष्ठावंत पथकाचा, तो काळा गणवेश सूटवाल्या ह्यूगो बॉसने डिझाईन केला, हे वाक्य तुम्ही कुठेतरी ऐकलं असेलच. सांगणाऱ्याच्या आवाजात थोडं कौतुकही मिसळलेलं असतं. "बाकी काही म्हणा, कपडे मात्र झकास होते त्यांचे."

वाक्य चुकीचं आहे. बॉसने ते गणवेश शिवले, बेतले नाहीत. मग बेतले कुणी? याचं उत्तर एका नावात मावत नाही. त्या गणवेशातला जवळजवळ प्रत्येक तुकडा दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावरून उतरलेला आहे. शर्ट आफ्रिकेसाठी शिवलेला, काळा रंग इटलीहून आणलेला, कवटी प्रशियाच्या घोडदळाची, विजेची चिन्हं एका गूढवाद्याच्या डोक्यातली. नाझींनी स्वतःचं असं जे घडवलं ते वेगळंच होतं. कोण शिवणार, कोण घालणार आणि कुणाला काय जबरदस्तीने घालायला लावायचं, याची त्यांनी जी व्यवस्था उभी केली तिच्याकडे मी शेवटी येतो. आधी शर्ट.

शर्टांचं राजकारण

सैन्याचा गणवेश आणि पक्षाचा गणवेश या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सैनिकाला कपडे सरकार देतं आणि त्यामागचा हेतू साधा असतो: आपला कोण, परका कोण हे लांबून कळावं, आणि शत्रूच्या हाती लागलाच तर त्याला हेर न समजता युद्धकैदी समजावं. पक्षाच्या गणवेशाला यातलं काहीच लागू पडत नाही. तिथे दिवसभर कारकुनी करणारा, किंवा काहीच काम नसलेला माणूस संध्याकाळी सैनिकासारखा दिसायला लागतो. पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपात याला गिऱ्हाइकांचा तोटा नव्हता. खंदकातली शिस्त आणि सोबत ज्यांना सुटवत नव्हती असे लाखो तरुण होते. त्यांच्याहून थोडे धाकटे, ज्यांचं युद्ध अगदी थोडक्यात हुकलं असेही होते. हाइनरिख हिमलर या दुसऱ्या गटातला. लष्करी प्रशिक्षण घेतलं, पण आघाडीवर जायच्या आत युद्ध संपलं.

रंगीत शर्ट घालून राजकारण करायची कल्पना इटलीची, आणि तिची सुरुवात फॅसिस्टांच्या बऱ्याच आधी झाली. १८४३ मध्ये दक्षिण अमेरिकेत मॉन्टेव्हिडिओला गॅरिबाल्डीने इटालियन स्थलांतरितांचं पथक उभं केलं. कपड्यांना पैसे नव्हते. ब्युनोस आयरेसच्या कत्तलखान्यातल्या कामगारांसाठी बनवलेले लाल लोकरी शर्ट युद्धामुळे तिकडे पोचत नव्हते, ते स्वस्तात मिळाले. हाच लाल शर्ट पुढे १८६० मध्ये सिसिलीत उतरला आणि इटलीच्या एकीकरणाचं चिन्ह झाला. म्हणजे खाटकांचा कपडा राष्ट्राच्या देव्हाऱ्यात जाऊन बसला.

मुसोलिनीला हे सगळं पाठ होतं. त्याने २३ मार्च १९१९ ला मिलानमध्ये संघटना काढली तेव्हा तिच्यात 'आर्दिती'मधले बरेच जण आले. आर्दिती म्हणजे इटालियन सैन्याची १९१७ मध्ये उभारलेली धडक देणारी पथकं. काळा शर्ट, काळी फेझ टोपी, दातात सुरा, कवटीचं चिन्ह हा सगळा थाट त्यांचाच. कवी दानुंझिओने त्याच वर्षी फियुमे शहर ताब्यात घेतलं, तिथे हा थाट रंगमंचावर यावा तसा गाजला. मुसोलिनीने तो आयता उचलला. शिवाय काळा शर्ट सोयीचाही होता. शिंप्याकडे जायची गरज नाही, घरातला जुना शर्ट काळ्या रंगाच्या घमेल्यात बुडवला की गणवेश तयार. मळ दिसत नाही, रक्तही दिसत नाही. ऑक्टोबर १९२२ मध्ये याच काळ्या शर्टांच्या जोरावर तो सत्तेत आला आणि युरोपभरच्या महत्त्वाकांक्षी मंडळींना एक कृती मिळाली: रंग निवडा, शर्ट घाला, रस्त्यावर उतरा. आयर्लंडमध्ये निळे, रुमानियात हिरवे, ब्रिटनमध्ये मोस्ली या फॅसिस्ट पुढाऱ्याचे काळे. स्पेनच्या फालांज या फॅसिस्ट पक्षाने कामगारांच्या कपड्यातला निळा घेतला. मग १९३७ मध्ये तिथला हुकूमशहा फ्रँकोने फालांज आणि राजेशाहीवादी कार्लिस्ट यांची सक्तीने मोट बांधली तेव्हा नव्या पक्षाचा गणवेश ठरला तो असा: शर्ट फालांजचा निळा, टोपी कार्लिस्टांची लाल. दोन्हीकडचे लोक नाखूष. राजकीय तडजोड इतकी उघडपणे अंगावर घातलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आफ्रिकेला न गेलेले शर्ट

आता जर्मनी. नाझी पक्षाची मारामारीची फौज म्हणजे एसए. सुरुवातीला तिच्याकडे धड गणवेश नव्हता. करड्या रंगाची वाऱ्यापासून बचाव करणारी जाकिटं, डोक्यावर स्कीइंगची टोपी आणि दंडावर पट्टी, एवढाच सरंजाम. दंडावरची ती पट्टी लाल, मध्ये पांढरं वर्तुळ, त्यात काळं स्वस्तिक. पक्षाच्या पोस्टरांसाठी लाल रंग डाव्यांना डिवचायला मुद्दाम निवडला, असं हिटलरने स्वतःच लिहून ठेवलंय.

नोव्हेंबर १९२३ मधला नाझींचा म्युनिकचा उठाव फसल्यावर गेरहार्ड रोसबाख नावाचा एक निमलष्करी पुढारी ऑस्ट्रियात पळाला. तिथे त्याला तपकिरी शर्टांचा एक साठा सापडला. हे शर्ट मुळात पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीच्या सैन्यासाठी होते. युद्ध हरल्यावर वसाहती गेल्या आणि शर्ट गोदामात पडून राहिले. त्या आघाडीवरचा सेनापती लेटो-फोरबेक, म्हणून रोसबाख त्यांना 'लेटो शर्ट' म्हणायचा. माल स्वस्तात मिळाला, माणसांना घातला, आणि १९२६ पर्यंत तपकिरी शर्ट हा एसएचा अधिकृत गणवेश होऊन बसला. पुढे तपकिरी म्हणजे जर्मन मातीचा रंग वगैरे अर्थ चिकटवले गेले. ते नंतरचं शहाणपण.

शर्टावरून आडवा जाणारा चामड्याचा पट्टाही उसनाच. जगभर तो 'सॅम ब्राऊन' पट्टा म्हणून ओळखला जातो. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो ब्रिटिश अधिकारी १८५८ मध्ये उत्तर भारतातल्या एका लढाईत डावा हात गमावून बसला. एका हाताने तलवार उपसायची तर म्यान हलता कामा नये, म्हणून कमरपट्ट्याला खांद्यावरून आधार दिला. एका अपंग माणसाची सोय, आणि ऐंशी वर्षांनी ती बर्लिनमध्ये रुबाबाची खूण. तलवार तर कुणाकडेच नव्हती.

सरकारला हा शर्ट डोळ्यात खुपायला लागला. जून १९३० मध्ये प्रशियाने, म्हणजे जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्याने, तपकिरी शर्टावर बंदी घातली. एसएवाले दुसऱ्याच दिवसापासून पांढरे शर्ट घालून रांगेत उभे राहिले, आणि आता अख्खी रांग पांढरी दिसायची. त्याच वर्षी सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझींचे १०७ खासदार निवडून आले. १३ ऑक्टोबरला संसद भरली तेव्हा बंदी असतानाही हे सगळेच्या सगळे १०७ जण तपकिरी शर्ट घालून सभागृहात बसले. बंदी घालणाऱ्याची पंचाईत अशी की कपड्यावर बंदी आली की तो कपडा घालणं हेच धाडस ठरतं. एप्रिल १९३२ मध्ये तर एसए संघटनेवरच बंदी आली, पण दोन महिन्यांत नव्या सरकारने ती उठवली.

ब्रिटनने हाच प्रश्न वेगळ्या वेळी हाताळला. मोस्लीची माणसं संख्येने फार वाढायच्या आत १९३६ च्या कायद्याने राजकीय गणवेश सार्वजनिक जागी घालायला मनाई केली. कायदा तसाच, पण तो राबवणारं सरकार डळमळीत नव्हतं. मला वाटतं सगळा फरक तिथेच आहे.

पैसा कुणी दिला?

ही बाजू सहसा कुणी सांगत नाही आणि मला ती सगळ्यात रंजक वाटते. सैन्यात शिरणाऱ्याला सरकार कपडे देतं, एसएत शिरणाऱ्याला ते स्वतःच्या खिशातून घ्यावे लागत. शर्ट, टोपी, पट्टा, ब्रीचेस, बूट, सगळं. तेही कुठूनही नाही, पक्षाच्या पुरवठा खात्याकडून. या खात्याचं नाव 'राइख्सत्सॉइगमाइस्टराय'. उच्चारताना जिभेची गाठ बसते, म्हणून सगळे त्याला आरझेडएम म्हणत. ठाणं म्युनिकमध्ये. कुठल्या कारखान्याने काय बनवायचं, कापडाची नेमकी छटा कोणती, बटण कसलं, हे सगळं ते ठरवे. परवाना मिळालेल्या कारखान्याला क्रमांक मिळे आणि प्रत्येक वस्तूवर आरझेडएमचं लेबल लागे. अनुयायी जितके वाढतील तितकी विक्री वाढणार, आणि विक्रीतला वाटा पक्षाच्या तिजोरीत.

सिगारेटचंही तेच. ड्रेस्डेनच्या एका कारखान्याने १९२९ पासून 'स्टुर्म' नावाची सिगारेट काढली आणि विक्रीतला हिस्सा एसएला दिला. एसएच्या माणसांनी हीच ओढावी असा दबाव असे, दुसरा ब्रँड खिशात सापडला तर धडगत नसे. त्या पाकिटांतून गोळा करायची चित्रं निघत आणि त्यांचे अल्बम मिळत. चित्रं कसली? जुन्या जर्मन सैन्यांच्या गणवेशांची. म्हणजे तपकिरी शर्ट घातलेला पोरगा धूर सोडत प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या शिपायांचे कपडे जमवत बसायचा.

१९३४ च्या सुरुवातीला एसएत जवळपास ३० लाख माणसं होती. व्हर्सायच्या तहाने खऱ्या जर्मन सैन्यावर मर्यादा होती १ लाखाची. सैन्याचे सेनापती या तपकिरी समुद्राकडे बघून का बिथरले ते या दोन आकड्यांवरून कळतं. ३० जून १९३४ ला एसएचा प्रमुख र्‍योम आणि त्याच्या साथीदारांचा काटा काढला गेला. तो काढणारे काळ्या गणवेशातले होते.

काळा

एसएस १९२५ मध्ये सुरू झाली तेव्हा एसएचंच एक पिल्लू होतं. तपकिरी शर्ट तोच, फक्त टाय आणि टोपी काळी. १९२९ मध्ये हिमलर प्रमुख झाला आणि त्याला आपली माणसं गर्दीपासून वेगळी दिसायला हवी होती. एसए लाखांत, एसएस काही दहा हजारांत. १९३२ मध्ये पूर्ण काळा गणवेश आला. काम केलं दोघांनी. एक कार्ल डीबिच, हा चित्रकार, पुढे एसएसच्या चिनी मातीच्या कारखान्यातही वावरला. दुसरा वॉल्टर हेक, ग्राफिक कलाकार. फॅशनच्या धंद्यातला यात कुणीच नव्हता.

त्यांनी जे जुळवलं ते एकेक करून बघू. काळा रंग मुसोलिनीकडे होताच, आणि घरचाही आधार होता: अठराव्या शतकातल्या प्रशियाच्या एका हुसार घोडदळ तुकडीचा गणवेश काळा आणि टोपीवर कवटी. नेपोलियनशी लढणाऱ्या ब्रुन्सविकच्या तुकडीचंही तेच. जर्मन माणसाला ती कवटी बघून खलनायक आठवत नसे, राजाचे स्वार आठवत. मृत्यूपर्यंत निष्ठा, असा तिचा पिढीजात अर्थ होता, आणि एसएसला तो तयार मिळाला. १९३४ मध्ये मात्र गंमत झाली. सैन्याच्या नव्या रणगाडा तुकड्यांनीही आपण घोडदळाचे वारस म्हणून तीच प्रशियन कवटी कॉलरवर घेतली. मग एसएसने स्वतःसाठी खालचा जबडा असलेली नवी कवटी काढली. आजही जुन्या फोटोत काळ्या कपड्यातला रणगाड्यावरचा शिपाई दिसला की लोक त्याला एसएसचा समजतात. त्याचा काळा रंग तेला-ग्रीसचे डाग लपवण्यासाठी होता.

कॉलरवरच्या दोन विजांसारख्या रेघा तर आणखी मौजेच्या. ही प्राचीन जर्मन लिपीतली अक्षरं, असं सांगितलं जाई. खऱ्या प्राचीन रून लिपीत या आकाराचं अक्षर होतं आणि त्याचा संबंध सूर्याशी होता. त्याला 'विजय' हा अर्थ दिला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ऑस्ट्रियातल्या गुइडो फोन लिस्ट नावाच्या गूढवाद्याने. म्हणजे एसएसची 'हजारो वर्षांची' खूण जेमतेम पंचवीस वर्षांची होती. ती दोनदा शेजारी शेजारी काढायची कल्पना हेकची. बिल्ले बनवणाऱ्या एका कंपनीसाठी त्याने ती केली, आणि हक्कांचे त्याला अडीच मार्क मिळाले असं सगळीकडे नमूद आहे. कमरेच्या खंजिराचा आकार सोळाव्या शतकातल्या स्विस खंजिराचा. काळ्या कोटाच्या आत मात्र शर्ट तपकिरीच राहिला. पक्षाची नाळ तुटलेली नाही एवढं दाखवण्यापुरता.

हे सगळं अंगावर एवढं परिणामकारक का दिसतं? यात जादू नाही, शिवणकामातल्या जुन्याच युक्त्या आहेत. खांदे भरलेले, कंबर पट्ट्याने आवळलेली, त्यामुळे कुठलाही माणूस वर रुंद आणि खाली निमुळता दिसतो. ब्रीचेस मांडीवर फुगलेली आणि गुडघ्याखाली घट्ट. ही घोडेस्वाराची विजार, घोड्यावर बसताना मांडीला मोकळीक हवी म्हणून तशी बेतलेली. घोडा गेला, फुगा राहिला. गुडघ्यापर्यंतचे बूट पाय लांब दाखवतात, शिवाय टाचांचा आवाज करतात. टोपीचा पुढचा भाग उंच उचललेला, त्यामुळे उंची वाढते, आणि खाली आलेल्या झडपेमुळे डोळे सावलीत जातात. ज्याचे डोळे दिसत नाहीत त्याच्याशी बोलून बघा, आपणच आवाज खाली आणतो.

एक अपवाद होता आणि तो विचारपूर्वक होता. हिटलरचा उजवा हात गोअरिंग पदकांनी मढलेला असे, पांढरे गणवेश शिवून घेई. अशा मढलेल्या साथीदारांमध्ये उभा असलेला हिटलर बहुधा साध्या कोटात, हुद्द्याची एकही फीत नाही, छातीवर १९१८ मध्ये मिळालेलं आयर्न क्रॉस हे लष्करी पदक. सगळ्यांना पायऱ्या वाटून देणारा स्वतः पायरीवर उभा राहत नाही. १ सप्टेंबर १९३९ ला, पोलंडवर हल्ला केल्याच्या दिवशी, तो करडा सैनिकी कोट घालून संसदेत आला आणि विजय मिळेपर्यंत हा उतरवणार नाही, किंवा मग तो शेवट बघायला जिवंत राहणार नाही, असं जाहीर केलं.

मुलांचा गणवेश मात्र लष्करातून आला नाही. 'हिटलर युवक' या पक्षाच्या मुलांच्या संघटनेतला गळ्यातला रुमाल, चामड्याची गाठ, अर्धी चड्डी हे सगळं बालवीर आणि 'वांडरफोगेल' नावाच्या भटकंती करणाऱ्या मुलांच्या चळवळीचं. डोंगरात फिरणाऱ्या, मोठ्यांच्या शिस्तीपासून लांब पळणाऱ्या पोरांचे कपडे घ्यायचे आणि त्यातच त्यांना शिस्तीत उभं करायचं. डिसेंबर १९३६ च्या कायद्याने ही संघटना सरकारी झाली. याला उत्तरही कपड्यांनीच दिलं गेलं. ऱ्हाइन नदीच्या काठच्या शहरांत 'एडेलवाइस' टोळ्यांची कामगारांची मुलं चौकड्यांचे शर्ट घालून, कॉलरखाली एडेलवाइस फुलाचा बिल्ला लावून फिरत आणि गणवेशातल्या मुलांना बदडत. नोव्हेंबर १९४४ मध्ये कोलोनच्या एहरेनफेल्ड भागात १३ जणांना रस्त्यावर जाहीर फाशी दिलं गेलं. त्यांत अशा टोळीतली काही किशोरवयीन मुलं होती.

बॉसचं काय?

ह्यूगो बॉसने १९२४ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या मेट्झिंगेन गावात कारखाना काढला. मंदीत तो बुडायला आला. १९३१ मध्ये देणेकऱ्यांशी तडजोड होऊन त्याच्याकडे सहा शिवणयंत्रं उरली, आणि त्याच वर्षी तो नाझी पक्षात गेला. पक्षाच्या कपड्यांच्या ऑर्डरी मिळत होत्याच, पुढे सैन्याच्या मिळाल्या. १९३२ मध्ये विक्री सुमारे ३८ हजार मार्क होती, १९४१ मध्ये ३३ लाख. युद्धात कारखान्यात १४० परदेशी मजूर सक्तीने आणले होते, बहुतेक स्त्रिया, आणि त्यांशिवाय ४० फ्रेंच युद्धकैदी. युद्धानंतर त्याला दंड झाला, १९४८ मध्ये तो वारला. पुरुषांच्या सूटचा प्रसिद्ध ब्रँड त्याच्या पश्चात उभा राहिला. २०११ मध्ये कंपनीने इतिहासकाराकडून अभ्यास करवून घेतला आणि जाहीर खेद व्यक्त केला.

अशा परवानाधारक कारखान्यांची आणि शिंप्यांची संख्या हजारोंत होती. बॉसचंच नाव आज आठवतं, कारण तेच आज दुकानांवर झळकतं. पण 'डिझायनर' ही दंतकथा आणखी एका कारणाने टिकते असं मला वाटतं. एखाद्या प्रतिभावान माणसाने सैतानासाठी सुंदर कपडे बेतले, ही गोष्ट सांगायला छान आहे. दिवाळं निघालेल्या कारखानदाराने ऑर्डर मिळवली, ही गोष्ट कोण सांगत बसणार?

शिवायचं कुणी, घालायचं कुणी

२० डिसेंबर १९३४ ला एक कायदा झाला. नाव लांबलचक होतं: राज्य आणि पक्ष यांच्यावरच्या कपटी हल्ल्यांविरुद्ध आणि पक्षाच्या गणवेशांच्या संरक्षणासाठीचा कायदा. सरकारविरुद्ध कुजबुज करणं आणि परवानगीशिवाय पक्षाचा गणवेश शिवणं, विकणं किंवा घालणं, हे सगळे गुन्हे एकाच कायद्यात. याच कायद्याखाली खानावळीत विनोद सांगणारी माणसं तुरुंगात गेली. चार वर्षांपूर्वी कपड्यावरची बंदी मोडून संसदेत बसलेल्यांनी आता कपड्याला कायद्याचं कुंपण घातलं.

शिवणाऱ्यांतूनही माणसं हाकलली गेली. बर्लिनच्या हाउसफोगटायप्लात्स चौकाभोवती तयार कपड्यांचा धंदा होता आणि त्यात ज्यूंच्या मालकीच्या पेढ्या मोठ्या संख्येने होत्या. त्यांना बाहेर काढण्यासाठी १९३३ मध्येच 'अडेफा' नावाची कारखानदारांची संघटना निघाली. युद्ध सुरू झाल्यावर कपड्यांवर रेशन आलं, आणि १९४० पासून ज्यूंना कपड्यांची रेशनकार्डंच दिली गेली नाहीत. सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूने छातीवर पिवळा तारा शिवायचा हुकूम निघाला. हे तारे बर्लिनमधल्या झेंडे बनवणाऱ्या एका कारखान्यात छापले जात. ज्याच्यावर ते लादले त्यालाच एकेका ताऱ्याचे दहा फेनिग मोजावे लागत. एसएवाल्याने शर्ट विकत घ्यायचा, ज्यूने तारा विकत घ्यायचा. हिशेबाची वही तीच.

छळछावण्यांमध्ये हीच पद्धत टोकाला गेली. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, छातीवर क्रमांक आणि कापडाचा त्रिकोण. लाल म्हणजे राजकीय कैदी, हिरवा गुन्हेगार, जांभळा यहोवाचे साक्षीदार (एक ख्रिस्ती पंथ), गुलाबी समलैंगिक पुरुष, काळा 'असामाजिक' ठरवलेले. ज्यू असेल तर आणखी एक पिवळा त्रिकोण उलटा जोडून तारा करायचा. एसएसच्या कॉलरवर एका बाजूला तुकडी आणि दुसऱ्या बाजूला हुद्दा लिहिलेला असे, नजर टाकली की माणूस कळला पाहिजे. कैद्याच्या छातीवरही तेच तर्कशास्त्र होतं.

आणि हे दोन्ही कपडे एकाच छताखाली शिवले जात. बर्लिनच्या उत्तरेला राव्हेन्सब्र्यूक ही स्त्रियांची छावणी होती. तिथे एसएसने १९४० मध्ये 'टेक्सलेड' ही स्वतःची कंपनी काढली. कैदी बायका पाळ्यांमध्ये यंत्रांवर बसून एसएसच्या सैनिकांचे गणवेश शिवत, आणि कैद्यांचे पट्ट्यांचे कपडेही.

कापड संपलं

काळ्या गणवेशाची कारकीर्द मात्र तोकडी निघाली. शेतात, बर्फात, धुळीत काळा माणूस एक किलोमीटरवरून दिसतो. लढाईत उतरलेल्या एसएसने सैन्यासारखा करडा घेतला. उरलेले काळे कोट गोदामात साचले. त्यांच्यावरच्या खुणा काढून ते पूर्वेकडच्या व्यापलेल्या प्रदेशात स्थानिक लोकांमधून भरती केलेल्या सहायक पोलिसांना वाटले गेले. आफ्रिकेच्या उरलेल्या शर्टांनी सुरू झालेला प्रकार असा पुन्हा उरलेल्या मालावर आला.

लोकर तर जर्मनी आणि इटली दोन्हीकडे पुरेशी नव्हती. इटलीवर १९३५ मध्ये इथिओपियावरच्या हल्ल्यामुळे निर्बंध आले तेव्हा सार्डिनियातलं 'ओर्बाचे' नावाचं जाडंभरडं कापड पक्षाच्या गणवेशांसाठी देशभक्तीचं ठरलं. दुधातल्या केसिनपासून 'लानिताल' नावाचा लोकरीसारखा धागाही काढला गेला. जर्मनीत सैनिकी कापडात लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा वाढत गेला. तो ओला झाला की ऊब देत नसे. डिसेंबर १९४१ मध्ये मॉस्कोच्या थंडीत सैन्य गोठत असताना गोबेल्सने नागरिकांना फरचे कोट आणि लोकरी कपडे द्यायचं आवाहन केलं. ज्यूंकडून ते जानेवारीत हुकमाने काढून घेतले. १९४४ चा सैनिकी कोट आखूड झाला, कमरेपाशीच संपणारा, आणि तो शत्रूच्या म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या कोटाशी बराच मिळताजुळता होता. कापड वाचवायची गरज दोघांनाही सारखी.

युद्ध संपल्यावर हे कोट रंगवून, बिल्ले उपटून लोक वर्षानुवर्षं घालत राहिले, कारण दुसरं काही नव्हतंच. दहा वर्षांनी दोन्ही जर्मनींनी पुन्हा सैन्य उभं केलं आणि प्रश्न आला, आता घालायचं काय? पश्चिमेने जुन्यासारखं काहीही दिसता कामा नये असं ठरवलं. दोन रांगांच्या बटणांचा सपक करडा कोट निघाला, त्याची बरीच टिंगल झाली. १२ नोव्हेंबर १९५५ ला बॉनमध्ये पहिल्या १०१ जणांना नेमणूकपत्रं दिली तेव्हा त्यांतले बहुतेक जण तर साध्या सूटमध्येच उभे होते.

पूर्वेकडच्या कम्युनिस्ट सरकारने उलटं केलं. पश्चिमेचे सैनिक अमेरिकेचे कपडे घालतात, आम्ही जर्मन परंपरेतले घालतो, असं सांगून त्यांनी १९५६ मध्ये आपल्या नव्या सैन्याला हिटलरच्या सैन्याशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा काट दिला. करडा कोट, तशाच फिती, तसेच बूट. हेल्मेट मात्र नवं दिसत होतं. त्याचा आराखडा युद्धाच्या काळात हिटलरच्या सैन्यासाठीच तयार झाला होता, पण तेव्हा तो वापरात आला नाही, पडून राहिला होता.